शेजारच्या खोलीतली खिडकी : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

तिरसट, खाष्ट, खडूस, खवचट, कुजकट, आडमुठा, हेकट, किरकिऱ्या, तुसडा. कुठल्याही कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की अर्ध्या तासात यांतले निम्मे शब्द कानावर पडतात. त्रास देणाऱ्या माणसाचं वर्णन करायला मराठीत शब्दांची ददात नाही, आणि प्रत्येक शब्दाचा डंख वेगळा आहे. खवचट माणूस गोड बोलून टोचतो, तुसडा बोलतच नाही, हेकट सगळं ऐकून घेऊन पुन्हा तेच म्हणतो. पण हे सगळे शब्द माणसाचा स्वभाव सांगतात. दोन माणसांच्या मध्ये जे बिघडलेलं असतं त्याला, किंवा ज्या कामाच्या रीतीनं त्या दोघांना समोरासमोर उभं केलं तिला, असे चटकन तोंडात येणारे शब्द आपल्याकडे फार थोडे आहेत. मग डबा संपता संपता कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे गं, स्वभावाला औषध नाही," आणि विषय तिथंच मिटतो.

हे पुस्तक ज्या अभ्यासविषयाची ओळख करून देणार आहे, तो नेमका तिथून सुरू होतो. त्याला अजून एक ठरलेलं नाव नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, व्यवस्थापन आणि कामगार कायदा या चारही घरांत त्याचं थोडं थोडं सामान पडलेलं आहे. कामाच्या ठिकाणी त्रासदायक वाटणाऱ्या माणसांशी डोकं शांत ठेवून कसं वागावं, हा त्याचा साधा प्रश्न. साधा म्हणते, पण या एका प्रश्नापायी माणसांची झोप जाते, रक्तदाब वाढतो, नोकऱ्या सुटतात. म्हणून मला तो मोठ्या ग्रंथांत शोभणाऱ्या कुठल्याही प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मी नोकरीला लागले ती एका जिल्हा परिषदेत, कनिष्ठ लिपिक म्हणून. माझ्याकडे निवृत्त प्राथमिक शिक्षकांची पेन्शनची प्रकरणं होती. मी टिपणी लिहायची, फाईल वरिष्ठ सहायकांकडे जायची, तिथून पुढं अधीक्षकांकडे. वरिष्ठ सहायकांना सगळी कचेरी अण्णा म्हणायची. अण्णांकडून माझी प्रत्येक फाईल परत यायची. समासात लाल शाईनं एकच शब्द : 'फेरसादर'. कारण नाही, खूण नाही. विचारायला गेलं तर मान वर न करता म्हणायचे, "बघा तुम्हीच." बाहेर बाकावर एक म्हातारे गुरुजी छत्री मांडीवर आडवी धरून बसलेले असायचे, दर सोमवारी. फाईल तिसऱ्यांदा परत आली त्या सोमवारी माझा आवाज चढला. सगळ्या शाखेनं माना वर केल्या. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि उठून चहाला निघून गेले. गुरुजी दारातून बघत होते. तो दिवस आठवला की आजही मला त्यांच्या नजरेचीच लाज वाटते, अण्णांची नाही.

शिपाई असलेल्या मामांनी संध्याकाळी मला कारण सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका शिक्षकाची वेतननिश्चिती चुकली होती, लेखापरीक्षणात ती सापडली, आणि कागदावर अण्णांची सही होती म्हणून रक्कम त्यांच्या पगारातून वसूल झाली होती. माझ्या टिपणीत असायचं, 'सेवापुस्तक तपासले, नोंदी योग्य आहेत.' काय तपासलं, कुठल्या पानावर, हे कुठंच नसायचं. म्हणजे माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी सही करायची, नाहीतर अख्खं सेवापुस्तक स्वतः चाळायचं. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या चार लिपिकांच्या फायली होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक फाईलला अर्धा कागद टाचायला लागले. एकेक नोंद, तिच्यासमोर सेवापुस्तकाचा पान क्रमांक. फायली त्याच दिवशी पुढं जायला लागल्या. अण्णा नंतरही कधी नमस्काराला नमस्कार म्हणाले नाहीत, आणि "बघा तुम्हीच" हेही सुटलं नाही. त्यांचा स्वभाव होता तिथंच राहिला. गुरुजींची पेन्शन मात्र सुरू झाली.

पुढं मानसशास्त्र शिकताना मेरी पार्कर फॉलेट यांची व्याख्यानं वाचली, तेव्हा तो अर्धा कागद मला पुन्हा दिसला. फॉलेट (१८६८–१९३३) मूळच्या बोस्टनजवळच्या क्विन्सीच्या. पुष्कळ वर्षं त्यांनी बोस्टनच्या रॉक्सबरी भागात वस्तीपातळीवर काम केलं. शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या पडतात, त्या लोकांना जमण्यासाठी खुल्या कराव्यात म्हणून त्या झटल्या. भांडणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी उद्योगांतल्या व्यवस्थापकांसमोर जी व्याख्यानं दिली, त्यांतलं एक संघर्षावर आहे. संघर्षाला चांगलंही म्हणू नका आणि वाईटही म्हणू नका, दोन ठिकाणी फरक आहे एवढंच तो सांगतो, असं त्यांचं म्हणणं. फरकाचा निकाल तीन तऱ्हांनी लागतो. एकानं दुसऱ्यावर मात करायची, ही पहिली. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, ही दुसरी. तिला आपण तडजोड म्हणतो आणि तिचं कौतुक करतो. फॉलेट करत नव्हत्या, कारण सोडलेलं माणूस विसरत नाही आणि तेच भांडण दुसरं रूप घेऊन परत येतं. तिसरी तऱ्हा अशी, की दोघांना मुळात काय हवं आहे ते उघडं करायचं आणि कुणालाच काही सोडावं लागणार नाही अशी मांडणी शोधायची. मी तिला मेळ म्हणते.

त्यांचं उदाहरण अगदी घरगुती आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण त्या माणसाला खिडकी नकोच होती, त्याला मोकळी हवा हवी होती, आणि फॉलेटना अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा नको होता. त्याच व्याख्यानात दूध उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेची गोष्ट आहे. दुधाचे कॅन आधी कुणी उतरवायचे यावरून संस्था फुटायची वेळ आली होती. टेकडी उतरून येणारे म्हणायचे आमचा मान पहिला, टेकडी चढून येणारे म्हणायचे आमचा. तोड निघाली ती ओट्याची जागा बदलून, दोन्हीकडच्यांना एकाच वेळी कॅन उतरवता येतील अशी. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे उभं राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. त्या शेतकऱ्यांपैकी कुणी आडमुठा नव्हता असं मी म्हणत नाही. असतीलही. पण ओटा हलवायला त्यांचे स्वभाव बदलावे लागले नाहीत.

प्रत्येक भांडणात असा मेळ निघतो, असा दावा फॉलेट यांनी केला नाही. दोन पुरुषांना एकाच स्त्रीशी लग्न करायचं असेल तर तिथं मेळ नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर व्यवस्थापनाच्या जगाला त्यांचा बराचसा विसर पडला. वाचकानं या विषयात शिरताना पहिली भेट त्यांचीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

आता अण्णांचं कारण मला मामांनी सांगेपर्यंत का सुचलं नाही, हा प्रश्न उरतो. १९७७ मध्ये ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं या चुकीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीचं वजन कमी धरतो, ही आपल्या विचारातली मूळ चूक आहे, असं त्याचं म्हणणं. मी उशिरा येते ती बस चुकली म्हणून, तो उशिरा येतो तो आळशी म्हणून. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खलक्षणांची लांबलचक यादी दिली आहे ती टाकून देण्यासाठी, म्हणजे ऐकणाऱ्यानं स्वतःत शोधून सोडण्यासाठी. आपण ती वाचताना शेजारच्या टेबलावरचा माणूस शोधतो.

पण ही चूक सगळ्या जगाची सारखीच आहे का? जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या अमेरिकी लोकांची आणि म्हैसूरमधल्या हिंदू लोकांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या माणसानं केलेलं एखादं चुकीचं कृत्य सांगा आणि तो तसा का वागला ते सांगा, असं त्यांनी दोन्हीकडे विचारलं. म्हैसूरच्या एका माणसानं एक अपघात सांगितला : मोटरसायकलचं चाक फुटलं, मागे बसलेला पडला, डोक्याला मार लागला. गाडी चालवणारा वकील होता. त्यानं जखमीला इस्पितळात पोचवलं आणि तो आपल्या कोर्टाच्या कामाला निघून गेला. अमेरिकी प्रौढांचा कल अशा वागण्याचं कारण माणसाच्या बेजबाबदारपणात शोधण्याकडे होता, म्हैसूरच्या प्रौढांचा त्याच्या कर्तव्यात आणि त्या वेळच्या परिस्थितीत. सगळ्यात बोलकी गोष्ट मुलांची. आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. माणसाकडे कसं बघायचं हे आपल्याला आजूबाजूचे लोक शिकवतात.

हा निष्कर्ष वाचून मी बराच काळ अडले होते. परिस्थिती बघायची सवय आपल्या मातीत असेल, तर कचेरीतल्या डब्याभोवती आपण इतके स्वभावाचे गुलाम का होतो? मला सुचलेलं उत्तर असं. गावात, वाड्यात, भावकीत आपल्याला माणसाचं मागचं सगळं माहीत असतं. काका चिडके आहेत, पण त्यांचा धाकटा मुलगा गेला त्या वर्षापासून, हे कुणी सांगावं लागत नाही. कचेरीत आपल्याला माणसाची खुर्ची दिसते, त्याच्या पगारातून झालेली वसुली दिसत नाही. मामांसारखा कुणी नसेल तर ती कधीच दिसत नाही. हे माझं अनुमान आहे, ते कुणी तपासलं तर मला आनंद होईल.

शांतपणाबद्दल आता थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या शब्दाचा आपल्याकडे फार गैरवापर झाला आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानं रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि विलंबाला रागावरचा मोठा उपाय मानलं. ते मला पटतं. अण्णांच्या टेबलापुढं मी एक रात्र थांबले असते तर मामांची गोष्ट मला आवाज चढवण्याच्या आधी कळली असती. पण सेनेकाच्या ग्रंथात ज्यांच्या रागाची उदाहरणं पुन्हा पुन्हा येतात ते राजे आणि सत्ताधीश आहेत, ज्यांच्या एका क्षणाच्या संतापात दुसऱ्याचा जीव जातो. तो स्वतः नीरोचा शिक्षक होता आणि शेवटी नीरोच्याच हुकमानं त्याला मरावं लागलं. थांबण्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला असते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आपल्याकडे शांत राहायला सांगताना पैठणच्या नाथांची गोष्ट सांगतात. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक माणूस थुंकला, नाथ पुन्हा स्नानाला गेले, तो पुन्हा थुंकला, असं एकशे आठ वेळा झालं आणि शेवटी तोच शरमला. शांतिब्रह्म हे बिरुद नाथांना शोभतं, आणि लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला अजून हलवते. पण थुंकणाऱ्या माणसाच्या हातात नाथांचा गोपनीय अहवाल नव्हता. त्यांची बदली तो करू शकत नव्हता. नाथांची शांती त्यांच्या भरलेपणातून आली, ती कुणी त्यांच्यावर लादली नाही. तीच गोष्ट साहेबांच्या तोंडून शिपायाला सांगितली जाते तेव्हा तिचा अर्थ उलटा होतो.

चेहरा शांत ठेवण्याची किंमत शरीर मोजतं, हे आता प्रयोगांतून दिसलं आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ मध्ये लोकांना शस्त्रक्रियेच्या आणि भाजलेल्या रुग्णाच्या उपचारांच्या, किळस आणणाऱ्या फिती दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं. चेहरे खरोखर निर्विकार राहिले. आतली किळस कमी झाली नाही, आणि त्वचेवरच्या घामाची मोजणी मात्र वाढली. पुढच्या प्रयोगात ग्रॉसनं काही लोकांना तीच दृश्यं वेगळ्या, अलिप्त नजरेनं बघायला आधीच सांगून ठेवलं. त्यांना किळसही कमी वाटली. अण्णांच्या वसुलीची गोष्ट कळल्यावर मला लाल शाईचा राग गिळावा लागला नाही, तो आलाच नाही. या पुस्तकात शांतपणा हा शब्द वाचताना वाचकानं हा फरक मनात धरावा.

आणि गिळण्याचंही काम असतं, त्याचा पगार मिळतो. आर्ली होकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहून ते दाखवलं. प्रशिक्षणात त्या मुलींना सांगितलं जायचं की विमान म्हणजे आपल्या घराची बैठकीची खोली समजा आणि चिडलेला प्रवासी घाबरलेलं मूल समजा. त्याच पुस्तकात थकलेली बिलं वसूल करणारे लोकही आहेत, त्यांना उलट राग आणि संशय अंगात आणावा लागायचा. या श्रमाला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. एसटीच्या वाहक ताई, सरकारी दवाखान्यातली सिस्टर, बँकेच्या काउंटरवर दुपारी सर्व्हर बंद पडल्यावर रांगेचा संताप झेलणारा मुलगा, यांच्या पगारपत्रकात या श्रमाचा रकाना नाही. तो असायला हवा, असं मला वाटतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी प्रशिक्षणाच्या कामात आल्यावर एका कार्यशाळेनंतर एक तरुण मुलगी मला भेटली. तिचे अधिकारी रोज चारचौघांत तिची अक्कल काढत, एकदा तिची फाईल त्यांनी जमिनीवर टाकून उचलायला लावली होती. आठ महिने हे चाललं होतं. मी तिला दीर्घ श्वास, त्यांच्या बाजूनं विचार, शांत स्वर असं सगळं सांगितलं. तिनं ते मनापासून केलं, आणखी चार महिने. मग राजीनामा दिला. मी तिला चुकीचं औषध दिलं होतं. तिला हवी होती तारखांची नोंद, साक्षीदार, लेखी तक्रार, आणि ती द्यायला जाताना सोबत कुणीतरी.

हाइन्त्स लेमान हे जर्मनीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ मी आधी वाचले असते, तर हे मला कळलं असतं. एखाद्याला कामाच्या ठिकाणी ठरवून एकटं पाडण्याचा, नामोहरम करण्याचा त्यांनी अभ्यास केला. निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने, अशी मोजपट्टी त्यांनी लावली, म्हणजे साधी कुरबुर आणि छळ यांची गल्लत होऊ नये. १९९३ मध्ये स्वीडननं कामावरच्या छळाविरुद्ध नियमावलीच केली. आपल्याकडे विशाखा खटल्यातल्या १९९७ च्या निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला, आणि दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती बंधनकारक झाली. जातीवरून अपमान करणाऱ्याला 'साहेबांचा स्वभावच तसा' म्हणून पाठीशी घालणाऱ्यांनी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचावा. तिथं मेळ शोधायचा नसतो.

वर बसलेल्यांविषयी एक अभ्यास सांगते. एमी एडमंडसन यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या गटांचा औषधांच्या चुकांबाबत अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले. पुढं पाहिल्यावर कळलं की जिथं प्रमुख सिस्टर चुकीवर डाफरत नव्हत्या, तिथं चुका सांगितल्या जात होत्या. जिथं धाक होता तिथं त्या लपत होत्या. शांतपणाचं प्रशिक्षण कनिष्ठांना द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्या कचेरीला मी आता आधी वरिष्ठांची तारीख मागते.

ज्यांच्या डोक्यात या क्षणी कुणीतरी एक माणूस आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. प्रकरणं क्रमानं वाचली नाहीत तरी चालेल. आज ज्यांचा छळ चालू आहे त्यांनी कायद्याचं प्रकरण आधी उघडावं. बाकीच्यांनी दोनशे पानी एक वही घ्यावी. आठवडाभर रोज संध्याकाळी त्या माणसाबद्दल दोन ओळी लिहायच्या, विशेषणं वगळून. 'आज पुन्हा खवचटपणा केला' असं नाही. 'साडेअकराला फाईल परत, शेरा फेरसादर, कारण लिहिलेलं नाही, टेबलावर आणखी बावीस फायली' असं. पहिलं प्रकरण त्या वहीवर आधारलेलं आहे, त्यामुळं ते वाचायला बसताना वही जवळ ठेवा.